फाटकाचं काय?

कुलगारा ऑफ-रोड क्लबचं पत्र मला एप्रिलमध्ये आलं आणि जुलै उजाडला तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र एकाच पानाचं होतं. वर क्लबचं बोधचिन्ह, म्हणजे चिखल उडवणारं एक चाक. खाली अध्यक्ष क्लाइव्ह रासमुसेन यांची सही, मजकुराहून जास्त जागा घेणारी. आणि मधे हे:

"आपण संपादित करत असलेल्या क्लबच्या पत्रकात ‘गाडी चालली, चालकाशिवाय’ असं वाक्य छापलं गेलं आहे. हे वाक्य अर्धवट व दिशाभूल करणारं आहे. अपघात चालकाच्या चुकीमुळे झाला, अशी दुरुस्ती पुढील अंकात छापावी आणि तसं आम्हांला लेखी कळवावं."

चालक म्हणजे डेल्मा हॅनाफोर्ड. दर गुरुवारी ती कुलगाराहून उत्तरेकडच्या गुरांच्या रानांमध्ये टपाल घेऊन जाते आणि शुक्रवारी रात्री परत येते. टपाल म्हणजे नुसती पत्रं नव्हेत. पाव, औषधं, पंपांचे पट्टे, एकदा तर खोक्यातून जिवंत कोंबड्या. आमच्याकडे एकेक रान एखाद्या तालुक्याएवढं असतं आणि त्यात माणसं चार. त्या चारांना आठवड्यातून एकदा दिसणारा बाहेरचा चेहरा डेल्माचा. वडिलांच्या मागे हे टपालाचं कंत्राट तिने घेतलं आणि आयुष्यात दुसरं काही केलं नाही. लागोपाठ दोन फेऱ्या चुकल्या, किंवा निष्काळजीपणाचा ठपका बसला, की कंत्राट जातं. ते उचलायला शहरातली एक मोठी कंपनी टपूनच बसली होती. त्यांचा विचार रानांमधल्या लोकांनी गावात येऊन आपापलं टपाल न्यावं, असा होता. लोकांनी पाव आणायला दोनशे किलोमीटर जावं, असा त्याचा अर्थ.

डेल्माला मी लहानपणी रेडिओवरून शिकवलं. रानातल्या मुलांची शाळा तेव्हा तशीच भरायची. मी माइकसमोर, मुलं आपापल्या स्वयंपाकघरात. समोर कुणी बसलेलं नसलं की मला बोलता येतं. म्हणून ती नोकरी मला मानवली असावी.

जानेवारीत, आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, डेल्माच्या गाडीचं इंजिन फुटलं. जुनी, लांब पाठीची गाडी, चारही चाकांना ताकद देणारी. जन्मापासून तेच सहा सिलेंडरचं डिझेल इंजिन आणि तोच पाच गिअरचा खोका. इंजिनाने पृथ्वीच्या किती प्रदक्षिणा घातल्या असतील देव जाणे. नवीन गाडी घ्यायची तिची ऐपत नव्हती. तेव्हा क्लब पुढे आला. आम्ही इंजिन बदलून देतो, मजुरी आमची, गाडीवर फक्त क्लबचं नाव लावायचं.

क्लबविषयी थोडं सांगायला हवं, म्हणजे या औदार्याचा अंदाज येईल. क्लबातल्या प्रत्येक गाडीच्या नाकाडाला टपाच्या वर जाणारी श्वासनळी लावलेली आहे. गाडी नदीत बुडाली तर इंजिनाला हवा मिळावी म्हणून. कुलगाराची नदी म्हणजे वाळूचा पट्टा आहे. तिच्यात बुडायचं तर आधी खड्डा खणावा लागेल. प्रत्येक गाडीला पुढे दोरखंडाची चरखी आहे, रुतलेली गाडी ओढून काढायला. ती चरखी मी एकदाच वापरलेली पाहिली, क्लबच्या अंगणात बिअरचा फ्रीज चढवताना. अध्यक्ष रासमुसेन शहरात पोहण्याचे तलाव विकून निवृत्त झाले आणि पाणी नसलेल्या मुलखात येऊन राहिले. गावाबाहेर त्यांची दहा एकर लाल माती आहे. तिच्यावर ते गाडी चालवतात, गोल.

अशा क्लबात मी कसा? मला शुद्धलेखन येतं, त्यामुळे पत्रकाचं काम माझ्याकडे आलं. नाही म्हणायला जमलं नाही.

इंजिन ठरवायची सभा क्लबच्या शेडात भरली. बाहेर सॉसेज भाजत होते. डेल्मा मागच्या रांगेत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. गाडी तिची, पण तिच्याकडे सगळ्यांची पाठ.

"आठ सिलेंडर," रासमुसेन म्हणाले. "पेट्रोल. ऑटोमॅटिक. विषय संपला."

"संपला कसा?" नेव्हिल पॅच उठला. हा क्लबचा खजिनदार आणि अध्यक्षांचा कायमचा विरोधक, म्हणजे त्यांचा सर्वांत जवळचा मित्र. "माझ्याकडे ट्रकचं डिझेल पडलंय. सिलेंडर चारच, पण एकेक बादलीएवढा."

"ते बसवलंस तर गाडीचं नाक जमिनीला टेकेल, नेव्ह. तिला टपाल वाटायचंय, नांगरायचं नाहीये."

"आणि तुमच्या पेट्रोलचं काय? रानांत डिझेल मिळतं. पेट्रोल काय दुधाच्या बाटलीने पाजायचं?"

"जादा टाकी बसवू."

"मग टपाल ठेवायचं कुठे? डोक्यावर?"

"तुझ्या त्या ट्रकच्या इंजिनाचा हादरा असा आहे ना, की पत्र पोचेपर्यंत त्यातली अक्षरं गळून पडतील."

हशा झाला. कुणीतरी ओरडलं, "आवाज कुठल्याचा चांगला?" आणि मग अर्धा तास आवाजावर चर्चा झाली. मोठी माणसं तोंडाने इंजिनांचे आवाज काढत होती. एकाने पहिल्यापासून चौथ्या गिअरपर्यंत आवाज काढला आणि चौथ्यात त्याला ठसका लागला.

मी म्हणालो, "फाटकाचं काय?"

कुणाला ऐकू आलं नाही. डेल्माने मात्र मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिने पाहिलं म्हणून मी उठून पुन्हा म्हणालो, जरा मोठ्याने, आणि नेमका त्याच क्षणी गोंगाट थांबला.

"कशाचं काय, प्रोफेसर?" रासमुसेननी विचारलं. मला ते प्रोफेसर म्हणतात. मी प्राथमिक शाळेचा मास्तर होतो.

"फाटकाचं. फाटकं."

"फाटकं उघडतात, प्रोफेसर! कडी असते, ती काढायची. पुस्तकात नसेल दिलेलं."

यावर सॉसेज भाजणारासुद्धा हसला. मी खाली बसलो. आपण मूर्खासारखं बोललो असं मला वाटलं, आणि घरी जाईपर्यंत वाटत राहिलं.

पण मला म्हणायचं होतं ते असं. डेल्माच्या वाटेवर कुंपणं पुष्कळ, आणि प्रत्येक कुंपणाला फाटक. फाटक उघडं टाकणं हा आमच्याकडे चोरीहून मोठा गुन्हा. शेजारी बसलेल्याने उतरून फाटक उघडायचं आणि लावायचं, हा नियम. एकट्या माणसाला प्रत्येक फाटकाशी दोनदा चढउतार. म्हणून एकटी माणसं काय करतात? गाडी सर्वांत संथ गिअरमध्ये घालून खाली उतरतात. फाटक उघडून धरतात. गाडी रिकामी, माणूस चालेल त्याहून हळू, फाटकातून आपली आपण जाते. मग फाटक लावायचं, चार पावलं भराभर टाकायची आणि चालत्या गाडीत चढायचं. डेल्माच्या गाडीला हे इतकं अंगवळणी पडलं होतं की फाटक दिसलं की तीच संथ होते, असं ती म्हणायची. जुन्या डिझेलला आणि हाताने टाकायच्या गिअरला हे जमतं. इंजिन आणि चाकं एकमेकांना धरून असतात. चढ असो, उतार असो, चाल तीच. ऑटोमॅटिकमध्ये मधे तेल असतं, आणि ते घसरतं. चढ आला की गाडी रेंगाळते, उतार आला की सुटते. हे मी पुस्तकातच वाचलं होतं. म्हणूनच कदाचित मला त्याची खात्री नव्हती.

शेडाबाहेर डेल्मा म्हणाली, "बरोबर विचारलंत, सर."

"मग तू का नाही बोललीस?"

"धर्माच्या गाईचे दात मोजत नाहीत." तिने गाडीची किल्ली नेव्हिलकडे टाकली. "आणि तुम्ही बोललात त्याचं काय झालं, ते पाहिलंच की मी."

क्लबला इंजिन बदलायला मार्च उजाडला. तोवर ग्वेंडा ऑब्स्टबाईंनी डेल्माला आपला गुरांचा ट्रक वापरायला दिला, म्हणून फेऱ्या चालू राहिल्या. ऑब्स्टबाईंचं रान डेल्माच्या वाटेवरचं पहिलं. या दोन महिन्यांत रासमुसेननी अपघातात चेपलेल्या एका ऐटदार शहरी गाडीचं आठ सिलेंडरचं इंजिन आणलं, त्याच्याच ऑटोमॅटिक खोक्यासकट. ते बसेना, म्हणून डेल्माच्या गाडीच्या सांगाड्यावरचे जुन्या इंजिनाचे लोखंडी पाय कापून टाकले. पंखा लागेना, म्हणून रेडिएटर पुढे सरकवला. किल्लीची जागा गेली आणि तिथे एक बटण आलं, निळ्या उजेडाचं. गाडी सुरू झाली तेव्हा मात्र माणसं खरोखर रडली. असा आवाज गावात कुणी ऐकला नव्हता. ऑब्स्टबाईंचा ट्रक परत गेला. रानांत गुरं गोळा करायचे दिवस आले होते.

पहिल्या गुरुवारी अध्यक्ष स्वतः डेल्माशेजारी बसले. मला मागे बसवलं, वृत्तान्त लिहायला. मागे बाकं असतात, पण त्यांच्यावर टपालाच्या पिशव्या, पावांचे क्रेट आणि ती जादा पेट्रोलची टाकी. मी पिशव्यांवर बसलो. मागचं दार बाहेरूनच उघडतं.

त्यामुळे एक गोष्ट झाली. मी आतून उतरू शकत नव्हतो, आणि शेजारी बसले होते अध्यक्ष. म्हणजे फाटकं त्यांची.

पहिल्या फाटकाला ते आनंदाने उतरले. दुसऱ्याला उतरले. तिसऱ्याला त्यांनी नवे बूट झटकले. चौथ्याच्या आधी ते म्हणाले, "किती आहेत गं अजून?"

"सुरुवात आहे, अध्यक्षसाहेब."

"मग एकटी असतेस तेव्हा काय करतेस?"

"सोडून देते गाडीला. पण ती वेगळी गाडी होती. ही कशी चालेल, मला माहीत नाही. रिकाम्या मैदानात आधी बघू."

"अगं, ऑटोमॅटिक आहे! आपोआप चालणं हाच तिचा धर्म! सरक, मी दाखवतो."

हे ऑब्स्टबाईंच्या रानाचं फाटक. उंबऱ्यासारखा वाळूचा एक उंचवटा, आणि पलीकडे उतार. उताराच्या पायथ्याशी गुरांच्या पाण्याचा सिमेंटचा हौद. डेल्मा खाली उतरली आणि फाटक उघडून धरून उभी राहिली. रासमुसेन चाकामागे बसले, गाडी संथ गिअरमध्ये घातली आणि रुबाबात खाली उतरले.

गाडी फाटकात आली, उंचवट्याला टेकली आणि थांबली. इंजिन गुरगुरत होतं, चाकं जागची हलत नव्हती.

"लाजते," रासमुसेन म्हणाले आणि मागे गेले. मागच्या काचेतून मला त्यांचा चेहरा दिसला, अगदी जवळ. दोन्ही तळवे त्यांनी दारावर टेकवले.

"ढकलू नका!" डेल्मा ओरडली.

"अगं, इतकंसंच तर—"

"ढकलू नका, साहेब!"

गाडी उंचवट्यावर चढली. रासमुसेन तोंडावर आपटले. आणि मग, एवढा वेळ लाजणारी ती वस्तू उताराला लागली.

रासमुसेन लहान होत गेले. त्यांनी नंतर सर्वांना सांगितलं, की प्रोफेसर काचेतून हात हलवून निरोप घेत होते. मी दार ठोठावत होतो. ते व्यर्थ आहे हे लक्षात आल्यावर मी पिशव्यांवरून, पावांवरून रांगत पुढे गेलो. माझा गुडघा एका क्रेटमध्ये गेला. पुढच्या दोन सीटांच्या मधून हात घालून मी ते निळं बटण दाबलं. एकदा, हळूच. गाडी चालू असताना ते दाबून धरून ठेवायचं असतं, हे मला मागाहून कळलं. मी पुन्हा दाबावं की न दाबावं, या विचारात होतो. तेवढ्यात हौद आला.

धडक काही फार मोठी नव्हती. पण रेडिएटर पुढे सरकवलेला होता ना, तो सगळ्यांत आधी गेला, त्याच्यात पंखा घुसला आणि पंख्याने इंजिनाचं तोंड फोडलं. हौदाला भगदाड पडलं. पाणी मातीत पसरायला लागलं, आणि कुठून कोण जाणे, गुरं आली.

ऑब्स्टबाई मोटारसायकलवरून आल्या. वय सत्तरीचं, अंगावर नवऱ्याचा शर्ट. आधी त्यांनी हौद पाहिला, मग गाडी, मग मागचं दार उघडून मला.

"हे काय पार्सल?" त्या म्हणाल्या.

"माफ करा," मी म्हणालो.

"तुम्ही चालवत होता?"

"नाही. कुणीच नव्हतं."

रासमुसेन उतारावरून येऊन पोचले. नाकावर माती, आवाजात अधिकार. "तांत्रिक चूक! फाटक धरून उभी राहिली ही. गाडीकडे लक्ष नको?"

"अहो तलाववाले," ऑब्स्टबाई म्हणाल्या, "दारावर तुमच्या हातांचे ठसे आहेत, मातीत उठलेले. आता इथून चालत गावात जा. फाटकं लावत जा."

ते गेले. खरंच चालत गेले. नेव्हिलने अर्ध्या वाटेवर त्यांना उचललं असं कळलं.

डेल्मा गाडीच्या पायरीवर बसली. ती रडत नव्हती. ऑब्स्टबाईंनी मोटारसायकलवर मावली तेवढी औषधं पोचवली. बाकी फेरी चुकली. "पुढच्या गुरुवारी गेले नाही तर संपलं, सर," ती म्हणाली. "माझा ट्रक तर गेलाय गुरांमागे," ऑब्स्टबाई म्हणाल्या. "तीन आठवडे येत नाही. ऊठ. शेडामागे चल."

शेडामागे मेलेल्या गाड्यांची ओळ होती. ती प्रत्येक रानात असते. मेलेली गाडी कुणी टाकत नाही, विकत नाही, पुरत नाही. ती जिथे शेवटची थांबली तिथून ओढून ओळीत लावतात, आणि मग शेजारपाजारचे लोक येऊन तिचा एकेक अवयव मागून नेतात. शहाणा माणूस गाडी घेताना माहितीपत्रक वाचत नाही. आपल्या वाटेवरच्या ओळींत कुठल्या जातीची मढी जास्त आहेत, ते बघतो. ऑब्स्टबाईंच्या ओळीत डेल्माच्या गाडीची सख्खी बहीण होती, बाईंच्या दिराने वाळूच्या टेकाडावरून उलटवलेली. टप चपाती झालेला, पण पोटातलं सगळं शाबूत.

"इंजिन घे," बाई म्हणाल्या. "गिअरबॉक्सही घे. आणि दोघांना वेगळं करू नकोस. तीस वर्षांचा संसार आहे त्यांचा, जोडीनेच उचल."

कुणी आवाजाचा विषय काढला नाही.

आठवडा गेला त्यात. क्लबने कापून टाकलेले इंजिनाचे पाय मढ्याच्या सांगाड्यावरून कापून आणले आणि ऑब्स्टबाईंनी ते जोडले. त्यांचं वेल्डिंग दिसायला वारुळासारखं. "रूप बघायला कोण येणार आहे खाली?" त्या म्हणाल्या. मी दुरुस्तीचं पुस्तक मोठ्याने वाचत होतो. माझा एवढाच उपयोग, आणि तोही शंकास्पद. मंगळवारी सकाळभर मी त्यांना गिअरच्या खोक्याविषयी वाचून दाखवलं. दुपारी डेल्मा गाडीखालून म्हणाली, "सर, तुम्ही म्हणताय तो बोल्ट इथे नाहीच."

मी पान उलटून पाहिलं. मी दुसऱ्याच खोक्याचं प्रकरण वाचत होतो.

"माफ कर. सगळं परत करावं लागेल का?"

"नाही. मी ऐकतच नव्हते." मग थोड्या वेळाने, "वाचत राहा. तुमचा आवाज रेडिओवरून यायचा ना, तेव्हा हात आपोआप कामाला लागायचे. चुकीचं वाचलंत तरी चालेल."

क्लबातून कुणी आलं नाही. नेव्हिल पॅच मात्र एकदा आला, इंजिन बघून म्हणाला, "हे तर जुनंच!" आणि गेला.

बुधवारी दुपारी इंजिनाने खोकून काळा धूर सोडला आणि चालू राहिलं. डेल्मा गाडी त्याच फाटकाशी घेऊन गेली. मला मागे बसायला सांगितलं. "वजन हवं," म्हणाली. मी बसलो. बसताना मागचं दार उघडंच राहू दे, अशी विनंती मी केली आणि ती मान्य झाली.

ती खाली उतरली. गाडी फाटकात आली, उंचवट्याला टेकली, नाक वर केलं, जराही न थांबता चढली, आणि उताराला लागल्यावरही तशीच, म्हाताऱ्या गाईसारखी, एकेक पाऊल टाकत निघाली. डेल्माने फाटक लावलं, कडी ओढून पाहिली, रमतगमत आली आणि चढली.

"झालं," ती म्हणाली.

गुरुवारी टपाल गेलं. त्यानंतर एकही फेरी चुकलेली नाही.

महिनाअखेरीच्या पत्रकात मी वृत्तान्त लिहिला. क्लबने बसवलेल्या इंजिनाविषयी चार चांगले शब्द शोधले, तीन मिळाले. मग ते वाक्य लिहिलं. मला ते नेमकं वाटलं होतं. कुणाचं नाव नाही, कुणावर ठपका नाही. त्यातच त्याचा दोष होता, हे पुढे कळलं. चालकाशिवाय म्हणजे चालक कुठेतरी दुसरीकडे होता, आणि गावाच्या दृष्टीने त्या गाडीचा चालक एकच.

पत्र आलं. मी ते शब्दकोशात ठेवलं. उत्तराचे मसुदे पुष्कळ केले. एक फार उद्धट झाला, एक फार नम्र. एकात मी चुकून रासमुसेन यांचे आभार मानले. आणि मला शंका यायची. मी मागे बसलो होतो, काचेवर धूळ होती. ते ढकलत होते, की नुसते टेकले होते? डेल्मा दोनदा ओरडली, की तीनदा? माणसाने लेखी द्यायचं तर खात्रीचं द्यावं. आणि पंचवीस वर्षं मुलांना स्वल्पविराम शिकवण्यापलीकडे मी खात्रीचं काय केलं आहे?

जुलैत एका बुधवारी डेल्मा माझ्याकडे शब्दकोडं घेऊन आली. नेहमी येते. दोन शब्द सुटल्यावर सहज म्हणाली, "कंत्राटवाल्यांनी क्लबला लिहिलंय. मार्चच्या अपघाताचं लेखी हवंय. नूतनीकरणाच्या आधी."

"मग?"

"अध्यक्षांनी कळवलंय, की चालकाची चूक होती. पत्रकात तशी दुरुस्ती छापून येतेच आहे, ती पुरावा म्हणून पाठवतो."

"तू त्यांना सांग ना, खरं काय ते."

"सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही तर संबंधित. दुसरं कुणी होतं का हजर?" तिने पेन्सिल कोड्यावर टेकवली. "आडवा सात. ‘न बोलणारा’. दोन अक्षरं."

"मुका."

"बसतंय," ती म्हणाली आणि लिहिलं. मला टोमणा मारण्याचा तिचा हेतू होता की नाही, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. शब्द मात्र बरोबर होता.

ती गेल्यावर मी टाइपरायटर काढला. अख्खं गाव मला हसेल असं मनात आलं, आणि मग मनात आलं की कोण हसेल? ज्यांनी पुरुषासारखा पुरुष तोंडाने इंजिनाचे आवाज काढताना पाहिला आणि टाळ्या वाजवल्या, ते. नदी नसताना श्वासनळ्या लावणारे. त्यांच्या हसण्याला मी सगळं आयुष्य भ्यायलो, आणि त्यांच्यातल्या एकालाही स्वतःच्या घराचं फाटक नीट लावता येत नाही. मी लिहिलं:

"माननीय अध्यक्ष, आपल्या एप्रिलच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. सदर वाक्य अर्धवट आहे, हे आपलं म्हणणं बरोबर आहे. पुढच्या अंकात पूर्ण वाक्य असं येईल: ‘क्लबने बसवलेल्या इंजिनाची गाडी फाटकात अडकली; ती चालवत आणणारे क्लबचे अध्यक्ष ती चालूच ठेवून खाली उतरले होते; डेल्मा हॅनाफोर्ड ढकलू नका म्हणून ओरडत असताना त्यांनी ती मागून ढकलली; आणि गाडी चालली, चालकाशिवाय, संपादकासकट.’ मी आत होतो. या पत्राची प्रत मी टपाल कंत्राटाच्या कार्यालयाला पाठवत आहे. यापुढे पत्रकाचं संपादन दुसऱ्या कुणाकडे द्यायचं असल्यास हा अंक निघाल्यावर द्यावं. आपला, लायनल ट्रेगेन्झा."

दोन लिफाफे केले. गुरुवारी सकाळी टपालकचेरीत गेलो. बाहेर डेल्माची गाडी उभी होती, इंजिन चालू, आवाज शिवणयंत्रासारखा. ती आत पिशव्यांची तोंडं बांधत होती. कंत्राट कार्यालयाचा लिफाफा मी शहराच्या फटीत टाकला आणि रासमुसेन यांचा गावाबाहेरच्या फटीत. दोन्ही पडल्याचा आवाज आला.

मग मला आठवलं, की ‘ओरडत असताना’च्या आधी मी ‘दोनदा’ घालायचं ठेवलं होतं, आणि ते राहिलं.

"डेल्मा," मी म्हणालो, "तो वरचा लिफाफा जरा दे. एक शब्द घालायचा राहिला."

तिने लिफाफा उचलला. वरचं नाव वाचलं, रासमुसेन यांचं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि लिफाफा पिशवीत टाकून दोरी आवळली.

"फटीतून आत पडलं ना, सर? मग ते आता तुमचं नाही. ज्याच्या नावाचं, त्याचं."